पाच व्होल्ट गेले कुठे? व्होल्टेज डिव्हायडर आणि न वाजलेला रिले: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण इलेक्ट्रॉनिक्स नव्याने शिकायला घेतलेल्या एका ताईंचं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. आकडे मात्र त्यांच्या वहीत होते तसेच ठेवले आहेत, कारण काय घडलं ते आकड्यांतूनच कळतं.

ताई हिशेबाच्या कामातल्या. शाळा सुटल्यापासून सर्किटशी त्यांचा संबंध आला नव्हता. करायचं काय ते मात्र नेमकं ठरलेलं होतं: अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा. मी त्यांना आठवड्यातून एकदा भेटत असे, मधल्या दिवसांत त्या फोनवर फोटो पाठवत. पहिल्या तीन आठवड्यांत ओहमचा नियम, सिरीज आणि पॅरलल जोडणी, रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या एवढं झालं होतं. तपकिरी-काळा-नारिंगी दिसलं की १० किलोओहम, हे त्या न थांबता सांगत. वही नीट, गणित पक्कं, प्रत्येक मापापुढे तारीख.

दिव्याच्या सर्किटचं एक चित्र त्यांनी शोधून काढलं होतं. त्यात एलडीआर होता, म्हणजे उजेडात ज्याचा रोध कमी आणि अंधारात खूप जास्त होतो तो रेझिस्टर. शिवाय एक ट्रान्झिस्टर, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा भाग, आणि ५ व्होल्टचा छोटा निळा रिले, म्हणजे कॉइलने ओढला जाणारा स्विच. त्यांच्याकडे होती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. म्हणजे ९ चे ५ करायला हवे होते आणि व्होल्टेज डिव्हायडर, म्हणजे सिरीजमधल्या दोन रेझिस्टरमध्ये व्होल्टेज वाटून घेणारी जोडणी, तर नुकताच शिकून झाला होता.

अडचण

गणित त्यांनी बरोबर केलं. वर १० किलोओहम, खाली १२ किलोओहम, दोन्ही सिरीजमध्ये बॅटरीच्या दोन टोकांना. बॅटरी मीटरवर ९.२ व्होल्ट दाखवत होती. ९.२ गुणिले १२ भागिले २२, उत्तर ५.०२. मधल्या टोकावर मीटर लावला, तिथेही ५.०२. कागद आणि मीटर दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत जुळले, याचा त्यांना झालेला आनंद फोटोखालच्या ओळीतही दिसत होता.

मग त्यांनी मधलं टोक आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये रिलेची कॉइल जोडली. कॉइलला पुरेसं व्होल्टेज मिळालं की आतली पट्टी ओढली जाते आणि 'टक्' असा आवाज येतो. तो आला नाही. रिले तसाच जोडलेला ठेवून मधल्या टोकावर मीटर लावला, तर ०.०६ व्होल्ट.

"दादा, व्होल्टेज कुठूनतरी गळतंय," त्यांचा निरोप आला.

पुढचे दोन दिवस त्यांनी गळती शोधली. वायर बदलल्या. ब्रेडबोर्डची, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचायच्या भोकांच्या फळीची, रांग बदलली. रिले बिघडला असेल म्हणून दुसरा लावला. वहीत नोंदी आहेत: रिले काढला, ५.०२. रिले लावला, ०.०६. रिले काढला, ५.०२. दोन्ही रिलेंच्या कॉइलचा रोध मोजला, दोन्ही ७० ओहम. त्याखाली प्रश्नचिन्हासह लिहिलं होतं, "दोन्ही रिले शॉर्ट?"

उत्तर त्या पानावरच होतं, ७० या आकड्यात. पण त्याच पानाच्या वरच्या कोपऱ्यात आकृतीतल्या मधल्या टोकाकडे बाण काढून त्यांनी लिहिलं होतं, "इथे ५ तयार होतात." हे वाक्य मला तेव्हा दिसलं असतं तर पुढचा आठवडा वाचला असता. पण पान मी नंतर पाहिलं. माझ्यापर्यंत आला होता तो ब्रेडबोर्डचा फोटो आणि गळतीची तक्रार.

पहिला सल्ला आणि त्याने वाढलेला घोळ

मी फोनवर सांगितलं, "रोध फार मोठे आहेत ताई, रिलेला करंट पुरत नाही. कमी करून बघा."

यात खोटं काहीच नव्हतं. पण त्यांच्या मनात जे चित्र होतं त्याला या वाक्याने धक्काही लागला नाही. मधल्या टोकाला ५ तयार होतात, मग ते मोठ्या रेझिस्टरने करा नाहीतर छोट्या, प्रमाण सांभाळलं की झालं, असा त्यांनी अर्थ लावला. १० किलोओहमच्या जागी १०० ओहम आणि १२ किलोओहमच्या जागी १२० ओहम आले. प्रमाण तेच.

रिलेशिवाय मधल्या टोकावर ४.९ व्होल्ट आले. रिले जोडल्यावर २.७. टक् नाहीच. अशा रिलेला ओढून घ्यायला साधारण लिहिलेल्या व्होल्टेजच्या पाऊणपट तरी लागतात, म्हणजे ३.७५ व्होल्ट. थोड्या वेळाने वास यायला लागला म्हणून त्यांनी वरच्या रेझिस्टरला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. बॅटरीचं व्होल्टेजही ९.२ वरून ८.८ वर उतरलं होतं.

रेझिस्टर का तापला, ते सरळ आहे. त्याच्या दोन टोकांत ८.८ वजा २.७, म्हणजे ६.१ व्होल्ट. ६.१ चा वर्ग भागिले १००, म्हणजे ०.३७ वॉट. रेझिस्टर होता पाव वॉटचा. शिकणाऱ्याला "रोध कमी करा" सांगताना सोबत वॉटचा हिशेब द्यायलाच हवा. तो मी दिला नाही. बोटाला फोड आली नाही एवढंच.

त्या संध्याकाळी ताईंनी सामान डब्यात भरून ठेवलं. "गणित बरोबर येतं आणि सर्किट चुकतं, म्हणजे मला हे जमणार नाही," असा निरोप होता. या प्रकरणातलं हे सगळ्यात नाजूक वळण. आता सरळ चालणारं सर्किट देऊन टाकायचं, की घोळाच्या मुळाशी जायचं? चालणारं सर्किट दिलं असतं तर दिवा लागला असता. पण 'इथे ५ तयार होतात' हे वाक्य वहीत तसंच राहिलं असतं आणि पुढच्या प्रत्येक सर्किटमध्ये त्याने पुन्हा डोकं वर काढलं असतं. मी दिवा बाजूला ठेवायचं ठरवलं.

एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती आणि ऐनवेळी आठवली नाही. लिलियन मॅकडरमॉट आणि पीटर शॅफर यांनी १९९२ मध्ये विद्यार्थ्यांच्या सर्किटविषयीच्या समजुतींवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. समीकरणं सोडवता येणारी मुलंही बॅटरी कायम ठरलेलाच करंट देते असं मानतात, आणि सर्किटच्या एका भागातला बदल सगळीकडे पोचतो हे त्यांच्या लक्षात येत नाही, असं त्यात दिसलं होतं. ताईंचं नेमकं तेच झालं होतं. त्यांच्या लेखी डिव्हायडर हे एक पूर्ण झालेलं काम होतं आणि रिले ही त्याला बाहेरून लावलेली वस्तू.

मुळाशी जाताना

पुढच्या भेटीत रिले, ट्रान्झिस्टर, एलडीआर काहीच काढलं नाही. पुन्हा तोच १० आणि १२ किलोओहमचा डिव्हायडर लावला. मधलं टोक आणि निगेटिव्ह यांच्यामध्ये मी एकेक साधा रेझिस्टर जोडणार, आणि जोडण्याआधी ताईंनी आकडा सांगायचा, एवढाच नियम.

पहिला १०० किलोओहम. त्या म्हणाल्या, "५ च राहतील." मीटरवर ४.७६. "थोडं कमी आलं, मीटरची चूक असेल."

दुसरा १२ किलोओहम, खालच्या रेझिस्टरएवढाच. "आता दोन सारखे झाले, म्हणजे ५ चे अर्धे, २.५." मीटरवर ३.४४.

इथे त्या थांबल्या. २.५ आले असते तर त्यांची समजूत पक्की झाली असती आणि ५ आले असते तरी. ३.४४ कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं. दोनेक मिनिटं त्या ब्रेडबोर्डकडे बघत होत्या. मी काही बोललो नाही, आणि ते न बोलणं फार जड गेलं. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि आकृतीतल्या खालच्या रेझिस्टरशेजारी दुसरा काढला.

"हे दोन १२ पॅरलल झाले. म्हणजे ६. वर १०." कॅल्क्युलेटरवर ९.२ गुणिले ६ भागिले १६ केलं. ३.४५.

"म्हणजे खालचा रेझिस्टरच बदलला की हो!"

हो. मधल्या टोकाला काही तयार होऊन बसलेलं नसतं. तिथे जे जोडाल ते खालच्या रेझिस्टरला पॅरलल जातं, आणि मग वाटणी नव्याने होते. पुढचे दोन आकडे त्यांनी आधी मांडून घेतले: १ किलोओहमला ०.७८, १०० ओहमला ०.०९. दोन्ही मीटरवर जवळपास तसेच आले. मग मी न सांगताच त्यांनी ७० लिहिलं. १२ किलोओहम आणि ७० ओहम पॅरलल म्हणजे जेमतेम ६९.६ ओहम. त्याच्या डोक्यावर १० हजार. उत्तर ०.०६.

दोन दिवस जिची शोधाशोध केली ती गळती नव्हतीच. रिले ठणठणीत होता, वायरी ठणठणीत होत्या. ०.०६ हे बरोबर उत्तर होतं.

यानंतरचा टप्पा मी आखला नव्हता, तो ताईंच्या पेशातून आला. मी वरच्या १० किलोओहमवर मीटर लावायला सांगितलं. ९.१४ आले. "९.१४ आणि ०.०६. बरोब्बर ९.२०. जमा-खर्च जुळला," त्या म्हणाल्या. गुस्ताव किर्कहॉफ यांनी १८४५ मध्ये मांडलेला व्होल्टेजचा नियम हेच सांगतो: बंद वाटेने पूर्ण फेरी मारली की वाढ आणि घट यांची बेरीज शून्य. ताईंच्या हाताला हा नियम ताळेबंदासारखा लागला. कुठलंही व्होल्टेज हरवलेलं वाटलं की ते दुसऱ्या कुठल्यातरी भागावर नावे पडलेलं असणार, तिथे जाऊन मोजायचं.

त्याच आकड्याने करंटही सांगितला. ९.१४ व्होल्ट भागिले १० किलोओहम, म्हणजे ०.९१ मिलिअँपिअर. रिलेला ५ व्होल्टवर लागतात सुमारे ७१ मिलिअँपिअर. वरून एक मिलिअँपिअरही येऊ शकत नाही, तिथे ७१ कुठून येणार? मी फोनवर "करंट पुरत नाही" म्हणालो होतो ते त्यांना आत्ता कळलं, स्वतः काढलेल्या आकड्यातून.

शेवटी थेवेनिनचं नाव घेतलं. लिओन शार्ल थेवेनिन हे फ्रान्सच्या तार खात्यातले इंजिनिअर, १८८३ मध्ये त्यांनी हा सिद्धांत प्रसिद्ध केला. त्यानुसार आपला अख्खा डिव्हायडर बाहेरून बघणाऱ्याला एका साध्या बॅटरीसारखा दिसतो: व्होल्टेज ५.०२ आणि तिच्या पोटात ५.४५ किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे १० आणि १२ चं पॅरलल. सिद्धता मी केली नाही, गरज नव्हती. मघाचे चारही आकडे या 'खोट्या बॅटरी'तून पुन्हा काढून पाहिले, ते जुळले.

यावर ताईंनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला. "मग खऱ्या बॅटरीच्या पोटातही रेझिस्टर असेल ना? ती पण ९.२ वरून ८.८ वर आली होती." वहीतले आकडे काढले. ०.४ व्होल्टची घट, करंट ६१ मिलिअँपिअर. म्हणजे सुमारे साडेसहा ओहम. बॅटरीचा अंतर्गत रोध त्यांनी स्वतः शोधला होता. पुस्तकात तो नंतर कधीतरी भेटला असता.

समोर असलेले पर्याय

आता दिव्याकडे परतायचं होतं. ९ व्होल्टच्या बॅटरीवर ५ व्होल्टचा रिले चालवायचा तर काय करता येईल, हे पर्याय ताईंनीच मांडायचे आणि प्रत्येकाचा हिशेब करायचा असं ठरलं.

डिव्हायडरच ठेवायचा असेल तर त्यातून वाहणारा करंट लोडच्या, म्हणजे त्याला जोडलेल्या वस्तूच्या, करंटच्या निदान दहापट हवा, असा एक ढोबळ नियम आहे. मग लोड जोडल्यावर व्होल्टेज फार हलत नाही. ७१ चे दहापट म्हणजे ७०० मिलिअँपिअरच्या वर. या छोट्या बॅटरीला ते झेपणारच नाही. हा पर्याय एका ओळीत बाद.

दुसरा पर्याय ताईंनी स्वतः काढला आणि तो हुशारीचा होता. रिलेची कॉइल हाच जर खालचा रेझिस्टर असेल, तर वेगळा खालचा रेझिस्टर कशाला? ९ वजा ५ म्हणजे ४ व्होल्ट, भागिले ७१ मिलिअँपिअर, म्हणजे ५६ ओहम. एकच रेझिस्टर, अर्धा वॉटचा घ्यायचा. रिलेपुरतं हे अगदी बरोबर आहे. अडचण अशी की रिले बंद झाला की करंट थांबतो, करंट थांबला की रेझिस्टरवर काहीच पडत नाही, आणि त्या टोकावर थेट ९ व्होल्ट येतात. एलडीआरचा भागही त्याच टोकावर चालणार असेल तर त्याला कधी ५ मिळतील, कधी ९.

तिसरा, ५.१ व्होल्टचा झेनर डायोड. तो व्होल्टेज बऱ्यापैकी धरून ठेवतो. पण रिले बंद असताना रिलेच्या वाटचा सगळा करंट झेनर पितो. दिवा लागो न लागो, बॅटरी सारखीच रिकामी होत राहणार.

चौथा, ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर. रिलेचा करंट घेताना त्यात सुमारे ०.३ वॉट उष्णता, ती त्याला सहज सोसते. स्वतःसाठी तो ५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. इनपुट साधारण ७ व्होल्टच्या खाली गेलं की त्याला ५ धरता येत नाहीत, त्यामुळे बॅटरीतली थोडी शक्ती वापराविना राहते. रिले चालवायचाच असता तर मी हाच घ्यायला सांगितला असता. सोबत कॉइलला उलटा जोडलेला १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवा, कारण कॉइलचा करंट एकदम तोडला की ती मोठं उलटं व्होल्टेज फेकते आणि ट्रान्झिस्टर मरतो. सापडलेल्या चित्रात तो डायोड नव्हताच.

पाचवा, बॅटरीच बदलायची. चार्ज करता येणारे १.२ व्होल्टचे चार सेल, एकूण ४.८. रिलेला लागणाऱ्या ३.७५ च्या बरंच वर. रूपांतराची गरजच संपते.

कागदावर पाच ओळी झाल्यावर मी विचारलं, "ताई, रिले कशासाठी आहे?" त्यांना लगेच उत्तर देता आलं नाही. चित्रात होता म्हणून. रिलेचे संपर्क पुढे घरातल्या मुख्य विजेच्या दिव्याला जोडायचे असा त्या चित्राचा हेतू होता. तिथे मी स्पष्ट नाही म्हटलं. महिनाभर शिकलेल्या हातांनी, ब्रेडबोर्डवरून, मुख्य विजेला जोडणी करायची नाही. यावर चर्चाही केली नाही आणि आजही करणार नाही.

मग मुख्य वीज नाही, तर उजेड एलईडीचा. एलईडीला ट्रान्झिस्टर थेट चालवू शकतो. रिले गेला, त्याच्याबरोबर ७१ मिलिअँपिअरची भूक गेली आणि '९ चे ५' हा प्रश्नच उरला नाही. अडचण सोडवण्याआधी ती कुठून आली ते विचारायचं, हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

केलेली कृती

अंतिम सर्किट छोटं झालं. पूर्ण चार्ज केलेल्या चार सेलचे ५.१ व्होल्ट. दोन पांढरे एलईडी, प्रत्येकाला स्वतःचा १८० ओहमचा रेझिस्टर, दोन्ही मिळून साधारण २२ मिलिअँपिअर. त्यांच्या खाली बीसी ५४७ बी ट्रान्झिस्टर, त्याचा एमिटर हा पाय निगेटिव्हला. पॉझिटिव्हकडून २२ किलोओहम बेसला, म्हणजे ट्रान्झिस्टरचं चालू-बंद ठरवणाऱ्या पायाला, आणि बेसपासून निगेटिव्हपर्यंत एलडीआर. उजेडात एलडीआर बेसचं व्होल्टेज खाली ओढून ठेवतो, अंधारात सोडतो.

नीट पाहिलं तर २२ किलोओहम आणि एलडीआर हा पुन्हा डिव्हायडरच. बेस जोडण्याआधी ताईंनी एलडीआर तळहाताने झाकून मधल्या टोकावर मोजलं, ४.७ व्होल्ट. मी विचारलं, "आता बेस जोडला की किती?"

बरीच खाडाखोड झाली. मग त्या म्हणाल्या, "४.७ राहणार नाहीत. बेस आणि एमिटर यांच्यात डायोड आहे, म्हणजे तो ०.७ च्या वर जाऊच देणार नाही. बाकीचे ४.४ वरच्या रेझिस्टरवर पडतील."

जोडलं. ०.६९. वरच्या रेझिस्टरवर ४.४१. एलईडी लागले होते, पण आमचं दोघांचं लक्ष मीटरकडे होतं.

तीन आठवड्यांपूर्वी याच घटनेला त्यांनी गळती म्हटलं असतं.

निष्पत्ती

दिवा चालला, पण पहिल्या दिवशी ढग आले तेव्हाही लागला. ट्रान्झिस्टर जागा व्हायला बेसवर सुमारे ०.६ व्होल्ट लागतात, आणि २२ किलोओहम असताना ते एलडीआर २.९ किलोओहमवर पोचल्यावर येतात. ताईंनी खिडकीत बसून दिवसभर एलडीआर मोजला: भर उजेडात १.८ किलोओहम, संध्याकाळी दिवा लावावासा वाटतो तेव्हा साडेचार किलोओहमच्या आसपास. वरचा रेझिस्टर ३३ किलोओहमचा केला की ०.६ व्होल्ट यायला एलडीआरला ४.४ किलोओहम व्हावं लागतं. तो बदल त्यांनी एकट्याने केला आणि बेसला पुरेसा करंट उरतो का तेही तपासलं: ४.४ भागिले ३३ किलोओहम, १३३ मायक्रोअँपिअर. या गटातल्या ट्रान्झिस्टरची वाढ, म्हणजे बेसच्या करंटच्या कितीपट करंट तो वाहू देतो ते, निदान २०० धरली तर २६ मिलिअँपिअर. हवेत २२. पुरतंय, पण फार मोकळं नाही.

आणखी एक गंमत झाली. एलईडीचा उजेड एलडीआरवर पडत होता, त्यामुळे दिवा स्वतःच स्वतःला अर्धवट विझवत होता. एलडीआरभोवती काळ्या कागदाची नळी केली आणि तिचं तोंड खिडकीकडे वळवलं.

दिवसा हे सर्किट सुमारे ०.१५ मिलिअँपिअर घेतं. १०० आणि १२० ओहमचा तो डिव्हायडर रिकामा असतानाही ४१ मिलिअँपिअर खात होता, म्हणजे ९ व्होल्टची बॅटरी साधारण अर्ध्या दिवसात बसली असती. हा फरक ताईंनी वहीत चौकट करून लिहिला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्याकडून राहिलेली मोठी गोष्ट म्हणजे मी फोटो पाहिला, वही पाहिली नाही. ब्रेडबोर्डवर चूक नव्हती, ती होती त्या एका बाणाखालच्या वाक्यात. आता कोणी "व्होल्टेज कमी येतंय" म्हणालं की मी आधी विचारतो, "तिथे तुम्हाला काय घडतंय असं वाटतं, शब्दांत सांगा."

दुसरं, डिव्हायडर शिकवताना मी पाण्याच्या टाकीचा दाखला दिला होता, मध्यावर नळ असलेली टाकी. दाखला सोपा वाटतो, पण टाकीत पाणी साठलेलं असतं. 'तयार होतात' हा शब्द बहुधा तिथूनच आला. डिव्हायडर शिकवताना तो दाखला मी आता देत नाही. त्याऐवजी पहिल्याच दिवशी डिव्हायडरला तीन वेगवेगळे लोड जोडून आकडा हलताना दाखवतो, आधी अंदाज सांगायला लावून.

तिसरं, करंटचा प्रश्न फार उशिरा आला. नवशिके व्होल्टेज मोजत राहतात, कारण त्यासाठी मीटरची टोकं नुसती टेकवायची असतात. करंट मोजायला वायर तोडून मीटर मध्ये घालावा लागतो आणि त्याची भीती वाटते. ओळखीच्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजून भागाकार करायची युक्ती ओहमच्या नियमाबरोबरच शिकवली असती, तर ०.९१ आणि ७१ हे दोन आकडे पहिल्याच संध्याकाळी शेजारी शेजारी आले असते.

सामान डब्यात गेलं त्या संध्याकाळी मी फोन करायला हवा होता. निरोपाला निरोपाने उत्तर दिलं आणि भेट चार दिवसांवर ढकलली. डबा पुन्हा उघडला गेला तो ताईंच्या चिकाटीमुळे.

या प्रकरणानंतर महिन्याभराने त्यांचा एक फोटो आला. १० मेगाओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, बॅटरी ९.२ व्होल्टची, मीटरची टोकं मध्यावर. मीटरवर ४.६ यायला हवे होते, दिसत होते ३.०७. खाली लिहिलं होतं, "दादा, मीटरच्या पोटातही १० मेगाओहम आहेत. मीटर लावला म्हणजे तोही जोडलाच ना?"